खंदक बुजले, हद्द सरकली : म्हैसूर शहर कोणी आखले आणि कोण सांभाळणार?

म्हैसूर : दसऱ्याला सुवर्ण अंबारी घेऊन निघालेला हत्ती राजवाड्याच्या आवारातून बाहेर पडतो, कृष्णराज चौक ओलांडतो आणि मग ज्या सरळ, रुंद रस्त्याने बन्नीमंटपाकडे जातो, त्या रस्त्याला नाव आहे बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांचे. कानडी उच्चारात तो ‘सय्याजी राव रोड’ होतो. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावी जन्मलेल्या आणि बडोद्याच्या गादीवर बसलेल्या या राजाचे नाव म्हैसूरच्या सर्वांत गजबजलेल्या बाजारपेठेला लाभले आहे, याचे मराठी प्रवाशांना नेहमीच अप्रूप वाटते. मात्र या रस्त्याची खरी गोष्ट त्याच्या नावात नाही. ती त्याच्या तळाशी आहे. येथे पूर्वी रस्ता नव्हताच; कालवा होता.

एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी म्हैसूरचे दिवाण पूर्णय्या यांनी कावेरीचे पाणी शहरापर्यंत आणण्यासाठी हा कालवा खोदण्यास घेतला. योजना तडीस गेली नाही. नदीचे पाणी काही शहरात आले नाही. मात्र खोदलेला चर उरला आणि वस्तीचे सांडपाणी त्यात उतरू लागले. ‘पूर्णय्यांचा नाला’ या नावाने ओळखली जाणारी ही घाण अनेक दशके शहराच्या मध्यातून वाहत होती. १८८६ मध्ये शहरातील भाग बुजवण्यात आला, त्यावर रस्ता बांधण्यात आला आणि दोन्ही बाजूंना एकसारख्या घाटाची दुकाने उभी राहिली. पुण्यात मंडईची इमारत उघडली तेही हेच वर्ष. त्या काळी नगरसुधारणेचे वारे देशभर वाहत होते. म्हैसूरने आपली सुधारणा नाला बुजवण्यापासून सुरू केली.

नगरपालिका, विकास प्राधिकरणे आणि भोवतीची गावे यांच्यातील आजचा तिढा समजून घ्यायचा असेल, तर हा रस्ता लक्षात ठेवावा लागेल. खंदक, नाला, तलाव यांनी आखलेली जुनी रेषा पुसून म्हैसूर वाढत गेले. नवी रेषा मात्र प्रत्येक वेळी वस्तीच्या मागून आली.

किल्ल्याचे फिरते दगड

म्हैसूरच्या पहिल्या सीमेचा इतिहास जरा विलक्षण आहे. १६१० मध्ये राजा वोडेयर यांनी श्रीरंगपट्टण जिंकले आणि राजधानी तिकडे हलली. म्हैसूर मागे पडले. पुढे टिपू सुलतानाने येथील जुना किल्ला पाडून जवळच्याच उंचवट्यावर नजरबाद नावाचे नवे ठाणे उभारण्यास प्रारंभ केला. १७९९ मध्ये टिपूचा पाडाव झाला, पाच वर्षांच्या तिसऱ्या कृष्णराज वोडेयर यांना गादीवर बसवण्यात आले आणि राजधानी पुन्हा म्हैसूरला आली. तेव्हा नजरबादचे तेच दगड परत वाहून आणून किल्ला नव्याने बांधण्यात आला. एकाच दगडांनी थोड्या वर्षांत दोन ठिकाणे पाहिली. नजरबाद हे नाव मात्र गेले नाही. ते आजही शहरातील एका मोहल्ल्याचे नाव आहे.

एकोणिसाव्या शतकात ‘शहर’ म्हणजे हा किल्ला आणि त्याच्या भोवतीचे मोहल्ले. किल्ल्याच्या आत केवळ राजवाडा नव्हता. दाटीवाटीची घरे, गल्ल्या आणि देवळेही होती. १८३१ पासून १८८१ पर्यंत राज्याचा कारभार इंग्रज आयुक्तांच्या हाती होता आणि त्यांचे ठाणे बंगळुरूत होते. त्यामुळे म्हैसूर नावापुरती राजधानी उरली. १८६२ मध्ये येथे नगरपालिका स्थापन झाली खरी, पण शहराचे रूप पालटले ते १८८१ मध्ये चामराजेंद्र वोडेयर यांच्याकडे सत्ता परत आल्यावर. १८८२ मध्ये बंगळुरूहून रेल्वे पोहोचली. त्यानंतरच्या दीड-दोन दशकांत नवे रस्ते, पाणीपुरवठा आणि नव्या वसाहतींची कामे झाली.

फेब्रुवारी १८९७ मध्ये राजकन्येच्या विवाहसोहळ्यात जुन्या लाकडी राजवाड्याला आग लागली. हेन्री आयर्विन या वास्तुविशारदाने आखलेला आजचा राजवाडा १९१२ मध्ये पूर्ण झाला. त्याला ४१ लाख रुपयांहून अधिक खर्च आला. पर्यटक त्याचे घुमट पाहतात. नगररचनेच्या दृष्टीने अधिक मोलाची गोष्ट आहे ती त्याच्या भोवतीची मोकळी जागा. ती आयती मिळालेली नाही. किल्ल्यातील घरे उठवून, लोकांना बाहेरच्या नव्या वसाहतींत जागा देऊन ती मोकळी करण्यात आली. आज ज्या भव्यतेचे कौतुक होते, तिच्याखाली एक उठवलेली वस्ती आहे.

प्लेगने दिलेली नगररचना

राजवाडा जळाला त्याच सुमारास मुंबईत प्लेग थैमान घालत होता. १८९६ मध्ये मुंबईत शिरलेली साथ १८९८ मध्ये म्हैसूर संस्थानात पोहोचली. जनगणनेचे आकडे पुरेसे बोलके आहेत : १८९१ मध्ये शहराची लोकसंख्या सुमारे ७४ हजार होती, १९०१ मध्ये ती ६८ हजारांवर आली. राजधानीचे शहर दहा वर्षांत वाढण्याऐवजी आक्रसले.

मुंबईत या साथीतून १८९८ मध्ये ‘सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ जन्माला आला. दाट वस्ती फोडून हवा खेळती ठेवणारे रस्ते काढावेत आणि शहराबाहेर आखीव वसाहती वसवाव्यात, हा त्याचा विचार. प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड आणि पुढे दादर-माटुंग्याच्या वसाहती या त्याच विचाराच्या खुणा आहेत. म्हैसूरने तोच मार्ग पाच वर्षांनी धरला. १९०३ मध्ये येथे नगर सुधारणा विश्वस्त मंडळ स्थापन झाले. देशातील असे हे पहिलेच मंडळ होते, असा उल्लेख अनेकदा केला जातो. परंतु मुंबईचे उदाहरण समोर असता तो टिकत नाही. म्हैसूरचे श्रेय पहिलेपणात शोधण्याची गरजही नाही. मुंबईचा ट्रस्ट १९३३ मध्ये महापालिकेत विलीन झाला, म्हैसूरचे मंडळ मात्र आठ दशकांहून अधिक काळ शहर आखत राहिले, हे अधिक महत्त्वाचे. एक योगायोग येथे नोंदवावासा वाटतो : मंडळ स्थापन झाले तेव्हा दिवाण होते पी. एन. कृष्णमूर्ती, म्हणजे ज्यांचा नाला बुजवावा लागला त्या पूर्णय्यांचेच वंशज.

चामराजपुरम, लक्ष्मीपुरम, वोंटिकोप्पल यांसारख्या जुन्या वसाहतींत आजही फिरताना त्या काळाची मोजपट्टी जाणवते. रस्ते काटकोनात मिळतात, कोपऱ्यावर उद्यान असते आणि घरांच्या दोन रांगांच्या पाठीमागून एक अरुंद गल्ली जाते. हिला येथे ‘कन्झर्व्हन्सी’ म्हणतात. भूमिगत गटारे नसलेल्या काळात मैला पाठीमागच्या बाजूने उचलला जावा, पुढच्या दाराने सफाई कामगाराला यावे लागू नये, यासाठी ही गल्ली ठेवण्यात आली. आरोग्याचा विचार आणि अस्पृश्यतेचा विचार एकाच नकाशात असे हातात हात घालून बसले आहेत. पुढे भूमिगत वाहिन्या आल्या आणि याच गल्ल्यांतून त्या टाकता आल्या. आज अनेक ठिकाणी तेथे दुचाकी उभ्या असतात, कचरा पडतो किंवा शेजारच्या घराने भिंत पुढे सरकवलेली असते. तरीही वाहिनी तुंबली तर रस्ता न खोदता दुरुस्ती करता येते, ती या शतकापूर्वीच्या गल्लीमुळेच. नंतर वसलेल्या कितीतरी वसाहतींत ही सोय नाही.

चौथ्या कृष्णराज वोडेयर यांच्या कारकिर्दीत, विशेषतः १९२६ ते १९४१ या काळात दिवाण असलेल्या मिर्झा इस्माईल यांच्या देखरेखीखाली, शहराला चौक, पुतळे, कमानी आणि वृक्षांच्या रांगा मिळाल्या. मुंबईचे वास्तुविशारद ई. डब्ल्यू. फ्रिचली यांनी आखलेल्या ललित महालाची पायाभरणी १९२१ मधली. राजाच्या रौप्यमहोत्सवानिमित्त १९२७ मध्ये उभा राहिलेला ‘दोड्ड गडियार’, म्हणजे मोठे घड्याळ, राजवाड्याच्या कर्मचाऱ्यांनी दिलेली भेट आहे.

सुधारणेची दुसरी बाजूही आहे. शहराजवळील अनेक तलाव याच ओघात गेले. दोड्डकेरे म्हणजे मोठा तलाव. आज त्या जागी दसरा प्रदर्शन भरणारे मैदान आहे. सुब्बरायनकेरे आणि जीवनरायनकट्टे यांच्याही नावांतच पाणी उरले. कुक्करहळ्ळी आणि कारंजी हे तलाव टिकले, आणि आज शहर त्यांच्याच काठी मोकळा श्वास घेते.

आखणारा एक, सांभाळणारा दुसरा

१९०३ मध्ये घेतलेल्या निर्णयात एक गुंतागुंत दडलेली होती आणि ती आजतागायत सुटलेली नाही. वसाहत आखून भूखंड वाटण्याचे काम मंडळाकडे. रस्ते झाडणे, दिवे लावणे, कर गोळा करणे हे काम नगरपालिकेकडे. वसाहत तयार झाली की ती नगरपालिकेकडे हस्तांतरित व्हावी, असा क्रम अपेक्षित होता. राजाचा शब्द दोन्हीकडे चालत होता तोवर हा क्रम बिनबोभाट चालला.

१९७७ मध्ये नगरपालिकेची महापालिका झाली. १९८८ मध्ये मंडळाची जागा म्हैसूर नगर विकास प्राधिकरणाने, म्हणजे ‘मुडा’ने घेतली. विजयनगर, जे. पी. नगर अशा वसाहतींबरोबरच खासगी विकासक आणि गृहनिर्माण संस्थांनीही भोवतीच्या गावांतील शेतजमिनीवर भूखंड पाडले. प्राधिकरणाने आराखडा मंजूर करायचा, विकासकाने रस्ते-गटारे करून द्यायची आणि मग वसाहत स्थानिक संस्थेच्या स्वाधीन करायची, असा नियम. प्रत्यक्षात गटाराचे काम अपुरे राहते, स्थानिक संस्था अपुरी वसाहत ताब्यात घेत नाही आणि दरम्यान लोक तेथे घरे बांधून राहायला आलेले असतात. ते ना ग्रामपंचायतीचे ना महापालिकेचे. कावेरीचे पाणी दोन-चार किलोमीटरवर असते. घरात मात्र कूपनलिकेचे किंवा टँकरचे येते. सांडपाणी कोठे जाते, या प्रश्नाचे उत्तर बहुधा जवळच्या तलावात सापडते.

सुमारे ४२ किलोमीटरचा बाह्य वळणमार्ग ही एकेकाळी शहराची कड वाटत होती. आता त्याच्या दोन्ही अंगांना शहर आहे. मार्च २०२३ मध्ये बंगळुरू-म्हैसूर द्रुतगती महामार्ग खुला झाल्यावर या बाहेरच्या पट्ट्यातील जमिनीची ओढ आणखी वाढली. पूर्वेला चामुंडी टेकडी उभी आहे, तेवढी एक बाजू निसर्गानेच अडवली आहे.

जमिनीची किंमत वाढली की जमीन वाटणाऱ्या संस्थेवर डोळे खिळतात. संपादित जमिनीच्या मोबदल्यात विकसित भूखंडांचा निम्मा वाटा मूळ मालकाला देण्याच्या पद्धतीवरून २०२४ मध्ये ‘मुडा’तील भूखंडवाटप राज्याच्या राजकारणाचा केंद्रबिंदू ठरले. मुख्यमंत्र्यांच्या पत्नीला मिळालेले १४ भूखंड त्यांनी त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये परत केले. लोकायुक्त पोलिसांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये मुख्यमंत्री आणि त्यांच्या कुटुंबीयांविरुद्ध पुरावा नसल्याचा अहवाल दिला. त्यानंतर नव्या कायद्याने ‘मुडा’चे रूपांतर म्हैसूर विकास प्राधिकरणात झाले. या गदारोळात भूखंड कोणाला मिळाले याची चर्चा पुष्कळ झाली. भूखंड पाडल्यानंतर त्या वसाहतींचे पालकत्व कोणाकडे, हा प्रश्न तुलनेने कोपऱ्यात राहिला.

हद्दीबाहेरच्या पाच संस्था

त्या प्रश्नावर राज्य सरकारने २०२० मध्ये एक मधला मार्ग काढला. महापालिकेला लागून असलेल्या ग्रामपंचायती एकत्र करून हूटगळ्ळी ही नगरसभा आणि बोगादी, श्रीरामपुर, रम्मनहळ्ळी व कडकोळ या चार नगरपंचायती निर्माण करण्यात आल्या. हूटगळ्ळीच्या पट्ट्यात उद्योग आणि माहिती तंत्रज्ञान, कडकोळला औद्योगिक वसाहत, बोगादी आणि श्रीरामपुरात निवासी वसाहती. नकाशावर पाहिले तर या संस्था महापालिकेला बिलगलेल्याच दिसतात. कित्येक ठिकाणी रस्त्याची एक बाजू एका संस्थेची, दुसरी दुसऱ्या संस्थेची.

गावाला शहरी दर्जा मिळाल्याने कामाचे स्वरूप बदलले, पण मनुष्यबळ, यंत्रसामग्री आणि उत्पन्न त्या गतीने आले नाही. पाणी आणि सांडपाणी ही कामे तर हद्दीच्या रेषेवर थांबणारी नाहीत. कृष्णराजसागर जलाशयाच्या फुगवट्यातून पाणी उचलण्याची हळे उंडुवाडी योजना महापालिकेबरोबर या बाहेरच्या वस्त्यांसाठीही आखलेली आहे. पाणी एकत्र आणायचे आणि गटारे पाच ठिकाणी वेगळी ठेवायची, यात तर्क सापडणे अवघड आहे.

पूर्णय्यांच्या कालव्याचेच उदाहरण घ्या. शहरातील भाग १८८६ मध्ये बुजला. परंतु पश्चिमेकडील भाग नाहीसा झाला नाही. कुक्करहळ्ळी तलावाला पावसाचे पाणी पोहोचवणारी वाट तीच. नव्या वसाहतींनी ती जागोजागी अडवली आहे. कालवा हद्दी ओलांडत जातो. त्याची जबाबदारी मात्र प्रत्येक हद्दीपाशी थबकते.

म्हणूनच महापालिका, ही पाच नागरी संस्था आणि लगतच्या काही ग्रामपंचायती एकत्र करून ‘बृहन् म्हैसूर’ महापालिका करण्याचा प्रस्ताव राज्य सरकारने हाती घेतला. महाराष्ट्रातील वाचकांना यात पुण्याची चाहूल लागेल. पुणे महापालिकेत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे आली. कर शहराच्या दराने वाढला, पाणी मात्र टँकरनेच येत राहिले, ही तक्रार तेथे इतकी तीव्र झाली की फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही गावे २०२४ मध्ये महापालिकेतून वगळून त्यांची स्वतंत्र नगरपरिषद करावी लागली. म्हैसूरभोवतीच्या गावांतही करवाढीची धास्ती आहेच. तेथे ‘खाता’ हा कळीचा शब्द आहे. आपल्याकडे मिळकतीची करआकारणीची जी नोंद असते, तिच्याशी याचे साम्य आहे. खाता नियमित असेल तर बँक कर्ज देते, बांधकामाला परवानगी मिळते. हद्दवाढीने अपुऱ्या वसाहतींचा खाता नियमित होईल, ही आशा आणि कर वाढेल, ही भीती; दोन्ही एकाच घरात नांदतात.

यात आणखी एक बाब दुर्लक्षून चालणार नाही. म्हैसूर महापालिकेच्या ६५ प्रभागांच्या निर्वाचित सभागृहाची मुदत नोव्हेंबर २०२३ मध्ये संपली आणि कारभार प्रशासकाकडे गेला. मुदत संपण्यापूर्वी निवडणूक व्हावी, असे ७४ व्या घटनादुरुस्तीचे बंधन असतानाही हे घडले. महाराष्ट्रातील महापालिकांनी २०२२ नंतर दीर्घकाळ हाच अनुभव घेतला. शहराची हद्द किती असावी, यावर बोलण्याचा पहिला अधिकार ज्या सभागृहाचा, ते सभागृहच रिकामे असताना रेषा आखली जाणे हे काही चांगले लक्षण नव्हे.

भिंतींचा प्रश्न

बाहेर वस्ती वाढते आहे आणि गाभ्यातील इमारती खचत आहेत. ऑगस्ट २०१२ मध्ये, व्हाइसरॉय लॅन्सडाउन यांच्या भेटीच्या स्मरणार्थ उभारलेल्या लॅन्सडाउन इमारतीचा भाग कोसळून चार जणांचा मृत्यू झाला. पुस्तकांच्या दुकानांसाठी ती प्रसिद्ध होती. ऑगस्ट २०१६ मध्ये सय्याजी राव रस्त्यालगतच्या देवराज मार्केटचा, फुले, केळी आणि कुंकवाच्या राशींनी ओळखल्या जाणाऱ्या मंडईचा, उत्तरेकडील भाग दुरुस्तीचे काम चालू असतानाच ढासळला. ऑक्टोबर २०२२ मध्ये महाराणी विज्ञान महाविद्यालयाच्या जुन्या इमारतीची तीच गत झाली.

या इमारती वीट, चुना आणि लाकडी तुळयांच्या. चुन्याचे बांधकाम ओल शोषते आणि सोडते. ही ये-जा मोकळी राहिली तर ते शतकभर टिकते. छतावर झाड उगवले, पन्हाळी तुंबल्या, वरून सिमेंटचा थर चढवला की ओल आत कोंडते, लाकूड कुजते आणि एखाद्या पावसाळ्यात छत खाली येते. म्हणजे रोग बहुतांशी वयाचा नसून देखभालीचा आहे. पाडून त्याच घाटाची नवी इमारत बांधावी, असे महापालिका आणि सरकारी तज्ज्ञांचे म्हणणे. जपून दुरुस्त करता येईल, असे वारसा अभ्यासकांचे. राजघराण्यातील सदस्यांनीही पाडकामाला विरोध दर्शवला. २०२३ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने पाडकामाविरुद्धच्या याचिका फेटाळल्या. कायदेशीर अडसर दूर झाला, मतभेद तसेच राहिले. मंडईतील शेकडो गाळेधारकांना मात्र सर्वांत आधी हे जाणून घ्यायचे आहे की काम चालू असताना व्यवसाय कोठे करायचा आणि नंतर गाळा परत मिळेल याची लेखी हमी कोण देणार.

म्हैसूरमधील शंभराहून अधिक वास्तू वारसा म्हणून गणल्या जातात. त्यांची मालकी महापालिका, विविध खाती, विद्यापीठ, राजघराणे आणि खासगी व्यक्ती यांच्यात विभागलेली आहे. येथेही आखणारा एक आणि सांभाळणारा दुसरा, अशीच स्थिती आहे.

हद्दवाढीचा कायदेशीर मार्ग कर्नाटक महापालिका अधिनियम १९७६ मधून जातो : मसुदा अधिसूचना, हरकती आणि सूचना, अंतिम अधिसूचना, प्रभागांची फेररचना, आरक्षण आणि शेवटी निवडणूक. त्यात जनगणनेची भर पडली. २०२७ च्या जनगणनेसाठी प्रशासकीय सीमा ३१ डिसेंबर २०२५ नंतर बदलू नयेत, असे निर्देश केंद्राने राज्यांना दिले होते. प्रभागांची फेररचना लोकसंख्येवर होते आणि हाताशी असलेले आकडे २०११ चे आहेत, जेव्हा शहराची लोकसंख्या सुमारे ९ लाख होती. बाह्य वळणमार्गापलीकडच्या बहुतेक घरांचा त्या वेळी पायाही खणला गेला नव्हता.